जेल नेल्सचं काम सुरू करताय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या मुलींसाठी पहिल्यापासून सगळं

बेळगावात आता टिळकवाडीपासून शहापूर-वडगावपर्यंत, आणि तिकडं खानापूर, निपाणी, चिकोडीतपण जेल नेल्स करणाऱ्या मुली दिसायला लागल्यात. बहुतेकींचा रस्ता सारखाच, पार्लरचं काम आधीपासून येत असतं, मग कोल्हापुरात नाहीतर इथंच चार-आठ दिवसांचा क्लास, मग ऑनलाइन मागवलेलं किट, आणि लगेच मावसबहिणीच्या नखांवर पहिलं काम. क्लासमध्ये डिझाइन भरपूर शिकवतात, ओम्ब्रे काय, कॅट आय काय, थ्रीडी फुलं काय. पण जेल कातडीला लागलं तर काय होतं, लॅम्पची वेळ कशावरनं ठरते, हिरवं पडलेलं नख घेऊन एखादी बाई आली तर तिला काय सांगायचं, हे कुणी बसून सांगत नाही. मला हे इकडनं तिकडनं तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी घेऊन जा: कच्चं जेल कातडीला लागू द्यायचं नाही, आणि नखावर लावलेलं जेल कच्चं सोडायचं नाही. खालच्या निम्म्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

१. जेल म्हणजे नक्की काय, हे आधी समजून घ्या

साधी नेलपॉलिश हवेवर सुकते, तिच्यातलं सॉल्व्हंट उडून जातं आणि रंग मागे राहतो. जेल तसं सुकत नाही. दिवसभर ठेवलं तरी ओलंच राहील. त्यात ऍक्रिलेट आणि मेथाक्रिलेट नावाची रसायनं असतात आणि सोबत फोटोइनिशिएटर असतो, लॅम्पचा प्रकाश पडला की हा फोटोइनिशिएटर जागा होतो आणि बारीक बारीक रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या तयार होतात. सगळे नीट जोडले गेले की ते कडक प्लास्टिक झालं, त्याचा त्रास फारसा नाही. जे सुटे राहिले ते त्रास देतात, कारण ते कातडीत शिरतात आणि ऍलर्जी करतात.

यातलं सगळ्यात बदनाम नाव म्हणजे हेमा (HEMA), हे एक मेथाक्रिलेटच. युरोपात हेमा असलेल्या नेल प्रॉडक्टवर फक्त प्रोफेशनल वापरासाठी आणि ऍलर्जी होऊ शकते असं छापावंच लागतं. टीपीओ नावाचा एक फोटोइनिशिएटर आहे, तो तर युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून कॉस्मेटिक्समध्ये बंदच केला. ही बंदी तिकडची आहे, पण बाटली घेताना मागची यादी वाचायची सवय लावून घ्या. आणि बाटलीवर हेमा-फ्री लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, हेमाच्या जागी दुसरं कुठलं तरी ऍक्रिलेट असतंच, नाहीतर ते जेल कडकच होणार नाही.

२. सामान

सुरुवातीला एवढं पुरतं:

- बेस कोट, टॉप कोट, आठ-दहा रंग (पन्नास नकोत, लाल, मरून, न्यूड आणि दुधी पांढरा यातच आपल्याकडचं बरंच काम निघतं)
- बिल्डर जेल (नखाला जाडी-मजबुती द्यायचं घट्ट जेल), एकच, पारदर्शक
- एलईडी लॅम्प
- १८० आणि २४० ग्रिटच्या फाइल्स (आकडा जेवढा मोठा तेवढी फाइल बारीक), बफर
- क्यूटिकल (नखाच्या मुळाशी असलेली कातडी) मागं सारायचा पुशर, कातडी कापायचा निपर, ऑरेंज वूड स्टिक (लाकडी काडी)
- डिहायड्रेटर (नखावरचा ओलावा-तेल काढायला) आणि ऍसिड नसलेला प्रायमर (जेल नखाला धरून राहायला)
- ९९ टक्के आयपीए, म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल (चिकट थर पुसायला) आणि ७० टक्के आयपीए (निर्जंतुक करायला), दोन्ही वेगळ्या बाटल्यांत, मोठ्या अक्षरात लिहून
- शुद्ध ऍसिटोन, फॉइल, लिंट न सोडणारे वाइप्स
- नायट्राइल ग्लोव्हज, मास्क, चष्मा
- झाकणाचा कचऱ्याचा डबा

आयपीएच्या दोन बाटल्या कशाला असं सगळ्याच विचारतात. जंतू मारायला त्यात थोडं पाणी असावं लागतं, म्हणून त्या कामाला ७० टक्केवालं चांगलं. नखावर मात्र पाणी नको असतं, तिथं ९९.

ई-फाइल मशीन पहिल्या दिवशी घेऊच नका. हातानं फाइल करून जेल कुठं संपतं आणि नख कुठं सुरू होतं हे बोटाला कळायला लागलं की मग घ्या. मशीनवर ३५ हजार आरपीएम लिहिलेलं असतंय म्हणून कुणी तेवढ्यावर चालवायचं नसतं. खऱ्या नखाजवळ स्पीड एकदम कमी, आणि बिट (मशीनचं फिरणारं, घासणारं टोक) एका जागी थांबवायचा नाही. मुळाशी लाल गोल खाचा पडलेली नखं बघितली असतील तुम्ही, ती बिट एकाच जागी दाबून धरल्यामुळं.

बाजारात खडेबाजार, पांगुळ गल्लीकडं फिरलात तर शंभर-दीडशेला जेलच्या बाटल्या मिळतात, ऑनलाइन तर त्याहून स्वस्त. दिसायला झकास असतात. पण बाटली उलटी करून बघा. बाहेरच्या देशातनं आलेल्या कॉस्मेटिकला आपल्याकडं नोंदणी लागते, कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे लेबलवर इम्पोर्टरचं नाव-पत्ता आणि रजिस्ट्रेशन नंबर असायला पाहिजे. इथं बनलेलं असेल तर मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर, बॅच नंबर, एक्स्पायरी. यातलं काहीच नाही, नुसतं फूल आणि एक आकडा छापलाय, तर ती बाटली फुकट दिली तरी घेऊ नका. आत काय आहे हे दुकानदारालापण ठाऊक नसतं.

नेल ग्लूबद्दल एक वेगळं सांगते, कारण हे क्लासमध्ये हमखास राहून जातं. टिप (प्लास्टिकचं तयार नख) चिकटवायचा ग्लू म्हणजे सायनोऍक्रिलेट. तो सांडला की आपला हात पहिल्यांदा कापसाकडं जातो, आणि नेमकं तेच करायचं नाही. कापसावर हा ग्लू पडला की दोघांची रिऍक्शन होऊन एवढी उष्णता निघते की कातडी भाजते. सुती कपड्यावर सांडला तरी तेच, ड्रेसवर पडला तर कपडा लगेच अंगापासून लांब ओढा. आणि ग्लूची बाटली आय ड्रॉप्सच्या बाटलीसारखी दिसते, त्यामुळं पर्समध्ये, औषधांच्या डब्यात, टीव्हीच्या शोकेसमध्ये कधीच ठेवू नका, घरात वयस्कर माणसं असतील तर अजिबातच नाही.

३. लॅम्प

जेल आणि लॅम्प एकाच कंपनीचा घ्या, नाहीतर जेलच्या कंपनीनं जो लॅम्प सांगितलाय तो तरी घ्या. लोक नुसतं वॅट बघतात, ४८ वॅट, ८० वॅट, कुणी तर १२० वॅटचा घेऊन येतं आणि वेळ निम्मी करतं. वॅट म्हणजे लॅम्प किती वीज खातो एवढंच. नखावर कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती पडतो हे त्यावरनं कळत नाही. आत्ताच्या एलईडी लॅम्पमध्ये साधारण ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरचे चिप असतात, आणि प्रत्येक जेलचा फोटोइनिशिएटर आपापल्या ठरलेल्या प्रकाशावर काम करतो. जोडी जुळली नाही तर जेल वरनं कडक लागतं, नखानं टोकरलं तरी हलत नाही, आणि आत कच्चं. जाड भाकरी वरनं भाजल्यासारखी दिसते आणि मोडली की आत पीठ, तसंच. असलं अर्धं कच्चं जेल दोन-तीन आठवडे त्या बाईच्या नखावर बसतं, आणि काढताना त्याची जी धूळ उडते तीपण अर्धी कच्ची, ती तुमच्या मनगटावर, मानेवर, पापण्यांवर बसते.

जुन्या पद्धतीचे ट्यूबवाले ३६ वॅटचे लॅम्प अजून काही पार्लरमध्ये आहेत. ट्यूब पेटते म्हणजे ती चांगली आहे असं नसतं, प्रकाश हळूहळू कमी होत जातो आणि डोळ्याला कळत नाही. रोज काम असेल तर सहाएक महिन्यांनी ट्यूब बदला. एलईडीत एखादा चिप बंद पडलाय का ते आठवड्याला एकदा बघा, पण थेट डोळे लावून नाही, आत पांढरा कागद ठेवून बघा. आतल्या बाजूला जेलचे डाग पडले असतील तर ते पुसा, तेवढा प्रकाश अडतो.

आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न, मधेच लाइट गेली तर? हेस्कॉम काय आपल्याला विचारून लाइट घालवत नाही. बॅटरीवाला लॅम्प असेल तर उत्तमच, पण त्याची बॅटरी उतरायला लागली की प्रकाशपण उतरतो, तेव्हा सकाळी फुल चार्ज करून ठेवा. साधा असेल तर लाइट आल्यावर उरलेले १५ सेकंद देऊ नका, पूर्ण वेळ पहिल्यापासून द्या. तोवर त्या बाईला ओलं जेल घेऊन दारात उन्हाला उभं करू नका. उन्हात यूव्ही असतंच, जेल धरायला लागतं, पण कसं आणि किती ते सांगता येत नाही. याच कारणानं बाटल्या खिडकीत ठेवायच्या नाहीत आणि लॅम्प चालू असताना ब्रश त्याच्या तोंडासमोर ठेवायचा नाही, नाहीतर ब्रशचे केस कडक होऊन बसतात.

४. गिऱ्हाईक आलं की आधी बघा, मग बसवा

डिझाइनचे फोटो दाखवायच्या आधी दोन्ही हात उजेडात बघा. जुनी पॉलिश असेल तर ती काढूनच बघा.

काम करायचं नाही असं कधी: नख हिरवट किंवा काळपट हिरवं पडलंय, नख मांसापासून सुटलंय, नखाच्या कडेला सूज-पू आहे, नख जाड पिवळं होऊन चुरा पडतोय, कातडीला चिरा किंवा पुरळ आहे. हिरवं नख म्हणजे बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाचा जिवाणू, जेल उचललं गेलं की खाली पाणी जातं आणि तिथं तो वाढतो. वरनं गडद रंग मारून द्या म्हणणाऱ्या बायका भेटतात, लग्न परवावर आलेलं असतं, रडवेल्या होतात, तरी झाकायचं नाही. जेल काढा, फाइल फेकून द्या, त्वचेच्या डॉक्टरांकडं पाठवा. फंगस आहे की काय आहे हे आपण सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. आपण फक्त म्हणायचं, ताई हे दाखवून या, मग करूया.

विचारायचं काय: शुगर आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, केमो चालू आहे का (असेल तर डॉक्टरांना विचारूनच), आधी कधी जेलनं किंवा दाताच्या सिमेंटनं खाज-सूज आली होती का. मुरुमासाठी डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी चालू असेल तर कातडी प्रकाशाला जास्त चिडते, त्यांना लॅम्प टाळलेलाच बरा. आणि हे नक्की विचारा, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुठलं ऑपरेशन किंवा डिलिव्हरी आहे का. हॉस्पिटलमध्ये बोटाला ऑक्सिजनचा क्लिप लावतात, तो नखातनं प्रकाश पाठवून रीडिंग घेतो, गडद जेल आणि जाड एक्स्टेन्शनमुळं (वरनं लावून वाढवलेल्या नखामुळं) रीडिंग चुकू शकतं. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवणासाठी नखं करायला येतात, त्यांना हे सांगा आणि डिलिव्हरीच्या तारखेआधी काढायची अपॉइंटमेंट त्याच दिवशी देऊन ठेवा.

ऍलर्जी होते का बघायला जेलचा थेंब कातडीवर लावून टेस्ट करायची, असं कुठंतरी सांगतात. करू नका. कच्चं जेल कातडीला लावणं हेच तर टाळायचंय, त्यानंच ऍलर्जी सुरू होऊ शकते. पॅच टेस्ट त्वचारोगतज्ज्ञच करतात, ठरलेल्या प्रमाणात पातळ केलेल्या औषधांनी.

नखांची लांबी ठरवतानापण जरा डोकं लावा. रोज ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बाईला इंचभर एक्स्टेन्शन लावून दिलंत तर चौथ्या दिवशी तिचं नख मुळातनं दुखावणार आणि नाव तुमचं खराब होणार. तिला छोटं, गोल, बिल्डरचा पातळ थर, बास.

५. नख तयार करणं

काम टिकतंय की नाही हे इथंच ठरतं, रंग लावताना नाही.

हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करायचे आणि मग सॅनिटायझर. मॅनिक्युअरसारखं कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायचे नाहीत, जेलच्या आधी कधीच नाही. नख पाणी पितं आणि थोडं पसरतं, त्यावर जेल लावलं की नंतर नख वाळून आकसतं आणि जेल कडेनं सुटतं. पावसाळ्यात तर खानापूरकडनं येणाऱ्या बायकांचे हात दिवसभर ओलेच असतात, त्यांना दहा मिनिटं नुसतं बसवा, चहा द्या, मग डिहायड्रेटर दोनदा.

पुशरनं क्यूटिकल मागं सारायचं आणि नखाच्या पाटीवर चिकटलेली मेलेली पातळ कातडी खरवडून काढायची. ही दिसत नाही, कोरड्या उजेडात तिरकं बघितलं की पांढरट दिसते. जेल उचलायचं सगळ्यात मोठं कारण हीच. मागची जिवंत कातडी मात्र कापायची नाही, तो नखाचा दरवाजा आहे, कापला की जंतू आत. निपर फक्त सुटलेल्या तुसाला.

मग २४० नं हलकं बफ, फक्त चमक जाईपर्यंत. नख घासून पातळ केलं की जेल जास्त धरतं हा गैरसमज आहे. पातळ नखाला लॅम्पमध्ये चटका जास्त बसतो आणि ते जेलसकट वाकून तुटतं. धूळ ब्रशनं काढा, तोंडानं फुंकर मारू नका (सगळ्याजणी मारतात). डिहायड्रेटर, प्रायमर, आणि यानंतर त्या बाईनं मोबाइल, केस, काही काही हाताळायचं नाही. फोन वाजला तर तुम्ही उचलून स्पीकरवर लावा.

६. कोट लावणं आणि क्युअर करणं (लॅम्पमध्ये कडक करणं)

ब्रश बाटलीच्या कडेला पुसून अगदी थोडं जेल घ्या. बेस कोट पातळ, जवळजवळ घासून लावल्यासारखा. कातडीपासून केसभर अंतर सोडायचं, तिन्ही बाजूंनी. आणि नखाच्या पुढच्या कडेवरनं ब्रश फिरवून ती कड बंद करायची, नाहीतर भांडी घासणाऱ्या हाताचं जेल पुढनंच सुटत येतं.

कातडीला लागलं तर? लॅम्पमध्ये घालायच्या आधी, लगेच, ऑरेंज स्टिकला आयपीए लावून पुसून काढा. नंतर फाइल करू असं म्हणून तसंच घातलं तर दोन गोष्टी होतात, जेल कातडीवर धरतं आणि तिथनंच उचलायला सुरू होतं, आणि त्या कडेच्या खालचं कच्चं जेल तीन आठवडे कातडीला लागून राहतं.

चार बोटं आधी, अंगठे वेगळे. अंगठा लॅम्पमध्ये तिरका पडतो, एका बाजूला प्रकाशच पोचत नाही. दोन्ही अंगठे एकदम आत, नखं वर छताकडं. वेळ कंपनी सांगेल तेवढी, एलईडीत साधारण ३० ते ६० सेकंद, ट्यूबच्या लॅम्पमध्ये दोन मिनिटं. हात अर्धा बाहेर राहत नाही ना ते बघा, नवरीच्या हातात चुडा असला की हात पुरता आत जातच नाही, चुडा कोपराकडं सारून रुमालानं धरायला सांगा.

काळा, गडद निळा, मरून असल्या रंगात रंगद्रव्य एवढं असतं की प्रकाश खालपर्यंत जाऊ देत नाही. एक जाड कोट देण्यापेक्षा दोन-तीन पातळ द्या, प्रत्येक वेगळा क्युअर करून. पांढऱ्यालापण हेच.

चटका बसणं: जेल जोडलं जाताना उष्णता बाहेर पडते, थर जाड असेल तर एकदम. बिल्डर जेलला हे जास्त. काकू ओरडतात, 'अगं भाजूलालंय गं!', आणि काही टेक्निशियन म्हणतात थोडं सहन करा. का म्हणून सहन करायचं? हात लगेच बाहेर काढायला सांगा, पाच-दहा सेकंद थांबून परत आत, आणि शेवटी वेळ पूर्ण भरा. लॅम्पला लो हीट मोड असेल तर बिल्डरला तोच वापरा. कानडी गिऱ्हाईक 'उरी आगतैती' म्हणालं तरी हेच, ती लाजून गप्प बसणारी असेल तर तिच्या चेहऱ्याकडं बघा. दरवेळी एकाच नखाला भाजत असेल तर ते नख आधीच पातळ झालेलं आहे.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी बेळगावच्या थंडीत जेल घट्ट होतं, ब्रशला जाड येतं आणि मग थर जाड पडतो. बाटली झाकण लावून तळहातात धरा नाहीतर कोमट पाण्यात उभी ठेवा, पातळ करायला त्यात ऍसिटोन-बिसिटोन घालू नका.

टॉप कोटनंतर वर जो चिकट थर राहतो, तो हवेतल्या ऑक्सिजनमुळं न जोडलेला कच्चा थर. ९९ टक्के आयपीए आणि लिंट-फ्री वाइपनं पुसायचा, प्रत्येक नखाला वाइपची स्वच्छ बाजू, नखावरनं टोकाकडं. एकाच वाइपनं दहा बोटं पुसलीत म्हणजे पहिल्या नखावरचं कच्चं जेल बाकीच्या नऊ बोटांच्या कातडीला चोळलंत. नो-वाइप टॉप कोट घेतला तर ही भानगड कमी.

लॅम्पच्या यूव्हीबद्दल हल्ली गिऱ्हाईकं विचारतात. २०२३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या पेशींवर असल्या लॅम्पचा प्रकाश टाकून पेशींचं आणि डीएनएचं नुकसान होतं असं दाखवलं होतं. तो प्रयोग पेशींवरचा, माणसांच्या हातावरचा नाही, त्यामुळं कॅन्सर होतोच असं सांगून कुणाला घाबरवायचं कारण नाही आणि काहीच होत नाही असं छातीठोक सांगायचंपण कारण नाही. बोटांची टोकं कापलेले हातमोजे ठेवा, नाहीतर हात धुऊन कोरडे केल्यावर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हाताच्या पाठीवर लावा, नखांना न लावता.

७. काढणं

जास्त नखं लावताना नाही, काढताना खराब होतात.

वरचा टॉप कोट १८० नं घासून चमक घालवा, नाहीतर ऍसिटोन आत शिरतच नाही. आजूबाजूच्या कातडीला तेल किंवा व्हॅसलिन. कापसाचा नखाएवढाच तुकडा ऍसिटोनमध्ये भिजवून नखावर, वर फॉइल, १० ते १५ मिनिटं. फॉइल काढल्यावर जेल आपसूक सुटलेलं दिसतं, ते ऑरेंज स्टिकनं ढकलायचं. नाही सुटलं तर परत पाच मिनिटं गुंडाळा. धातूच्या पुशरनं खरवडलंत की जेलबरोबर नखाचे वरचे पापुद्रे जातात, आणि हाताचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सहाएक महिने. हार्ड जेल ऍसिटोननं सुटतच नाही, ते फाइल करूनच काढावं लागतं, त्यामुळं दुसरीकडनं करून आलेल्या बाईचं काढताना आधी एका नखावर बघा.

काढायचे पैसे वेगळे घ्या. फुकट म्हटलं की घाई होते.

ऍसिटोनची वाफ पटकन पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्यानं खाली खाली पसरत जाते. घरातच काम करणाऱ्यांसाठी हे सांगतेय: संध्याकाळी दिवे लागणीला देव्हाऱ्यात दिवा-उदबत्ती लागते, त्याच खोलीत तुमचं टेबल असेल तर त्या वेळी ऍसिटोनची बाटली बंद, भिजलेले कापूस झाकणाच्या डब्यात, खिडकी उघडी. होम सर्व्हिसला जाताना एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटीच्या डिकीत ऍसिटोन ठेवून गाडी उन्हात लावू नका.

८. हत्यारं साफ करणं

आधी साबण-पाण्यानं ब्रशनं घासायचं, मग कोरडं करायचं, मग डिसइन्फेक्टंटमध्ये बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकं पूर्ण बुडवून ठेवायचं. घाण तशीच ठेवून बुडवलं तर औषध घाणीखाली पोचत नाही. वाटीभर अँटिसेप्टिकचं पांढरं पाणी करून दिवसभर त्यातच पुशर उभा ठेवायचा, हा प्रकार बंद करा. यूव्हीची पेटी म्हणून जे विकतात ती साफ झालेली हत्यारं ठेवायला ठीक, तिनं निर्जंतुक होत नाही, सावलीतल्या बाजूला प्रकाशच पडत नाही. रक्त निघू शकतं अशा निपरला ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करायचं मशीन) सगळ्यात खात्रीचा, १२१ डिग्रीवर १५ ते २० मिनिटं. परवडत नसेल तर सुरुवातीला निपर वापरूच नका, पुशरवर काम भागवा.

फाइल, बफर, ऑरेंज स्टिक धुता येत नाहीत. एका बाईला एक, नंतर कचऱ्यात. नाहीतर नाव घालून पाकिटात तिच्याच हातात द्या, बायकांना ते आवडतंपण.

९. तुमचे स्वतःचे हात

गिऱ्हाईक महिन्यातनं एकदा येतं, तुम्ही रोज दहा-दहा तास यात असता, म्हणून ऍलर्जीचा धोका तुम्हाला जास्त. आणि ही ऍलर्जी एकदा आली की सहसा जन्मभर राहते. पुढं दातांचं काम, हाडांच्या ऑपरेशनचं सिमेंट, शुगरसाठी दंडाला लावायचा सेन्सर, यांत पण असली ऍक्रिलेट असतात, तिथं अडचण येऊ शकते.

ओळखायची कशी? बोटांच्या टोकांना खाज, कातडी कोरडी होऊन चिरा, नखाखाली जाड कातडी, नख सुटायला लागणं. पापण्या आणि मानेवर लाली-सूज आली तरी कारण हेच असू शकतं, कारण तोच हात आपण दिवसभर तोंडाला लावतो. साबणानं झालं असेल, पावडरनं झालं असेल म्हणत क्रीम लावत बसू नका, काम थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडं जा आणि मी जेल नेल्सचं काम करते हे स्पष्ट सांगा.

ग्लोव्हज नायट्राइलचेच घ्या, लेटेक्सचा उपयोग नाही. पण नायट्राइलमधनंपण ऍक्रिलेट थोड्याच वेळात आरपार जातं. जेल लागलं की लगेच बदला, नाही लागलं तरी अर्ध्या तासानं बदला. एकच जोडी सकाळपासनं संध्याकाळपर्यंत घालून बसणं म्हणजे जेल कातडीवर दाबून धरणं. बाटलीच्या तोंडावर सांडलेलं जेल पुसा, टेबलाला लागलेलं पुसा, ब्रश टिशूला पुसून तो टिशू मांडीवर ठेवू नका. मास्क धुळीला अडवतो, वासाला नाही, त्यामुळं मास्क घातला तरी खिडकी आणि एक्झॉस्ट लागतोच. एसीचा गारवा टिकावा म्हणून सगळं बंद करून बसणाऱ्या जागा मला अजिबात पटत नाहीत.

१०. लग्नसराई

तुळशीच्या लग्नानंतर जे सुरू होतं ते तुम्हाला माहीतच आहे. क्रम असा ठेवा: आधी नखं, मग मेहंदी. मेहंदीवर ऍसिटोन, आयपीए फिरवलं की तिची वाट लागते. मेहंदी काढताना नखांवर व्हॅसलिनचा थर द्यायला सांगा म्हणजे टॉप कोटला रंग चढत नाही. चुडा भरताना कासार हात दाबून काकणं चढवतात, लांब एक्स्टेन्शन असेल तर त्यात अडकतं, म्हणून चुडा आधी आणि नखं नंतर, किंवा मग नखं आखूड.

खरी मजा हळदीची. दुधी पांढरी, न्यूड, फ्रेंच नखं हळदीत पिवळी होतातच. लगेच आयपीएनं पुसलं तर बरंच निघतं, राहिलेलं उन्हानं फिकं होतं, पण लग्नाच्या दिवशी सकाळी एवढा वेळ कुणाला? नवरीला आधीच सांगा, हळद झाल्यावर संध्याकाळी वीस मिनिटांसाठी ये, वरचा थर हलका बफ करून नवा टॉप कोट देते. त्याचे पैसे पॅकेजमध्येच धरा. गडद लाल घेतला तर हा प्रश्नच नाही, पण इन्स्टाग्राम बघून आलेल्या नवरीला लाल पटवणं आपल्या हातात नाही.

११. कागदपत्रं

दुकान काढणार असाल तर ट्रेड लायसन्स लागतं, बेळगाव शहरात महानगरपालिका, निपाणी-चिकोडीसारख्या गावांत तिथली नगरपालिका, खेड्यात ग्रामपंचायत. शिवाय कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी. हाताशी ठेवा:

- आधार, पॅन, फोटो
- भाडेकरार, किंवा जागा स्वतःची असेल तर घरपट्टीची पावती
- जागामालकाची ना-हरकत
- बँक पासबुक
- कोर्सचं सर्टिफिकेट

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, आधार-पॅनवर होते, त्यासाठी कुणी हजार-दीड हजार मागत असेल तर देऊ नका. मुद्रा कर्जात शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, लॅम्प-टेबल-खुर्चीला तेवढं पुरतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर अशा सेवेला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

स्वतःचं एक रजिस्टर करा: नाव, तारीख, कुठल्या कंपनीचं कुठलं जेल, बॅच नंबर, ऍलर्जी किंवा औषधं, आणि काम करायच्या आधीचा नखांचा फोटो. चार दिवसांनी तुमच्यामुळं नख खराब झालं म्हणून कुणी आलं तर तो फोटोच बोलतो.

बोर्डाचं शेवटी सांगते. कर्नाटकात २०२४ च्या कायद्यानं दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कानडी असावं लागतं आणि ते वरच्या बाजूला. बाकीच्या जागेत मराठी, इंग्रजी काय ते बसवा. पेंटरकडं किंवा फ्लेक्सवाल्याकडं डिझाइन द्यायच्या आधीच हे मापून द्या, नाहीतर एकाच बोर्डाचे दोनदा पैसे जातात.